फादर स्टॅन स्वामी, कॅथलिक श्रद्धा आणि बंदुकीचा प्रश्न

(शोळिंगनल्लूर, चेन्नई इथे मराठी बोलणाऱ्या नोकरदार आणि विद्यार्थी तरुणांच्या एका वाचनगटासमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



तुमच्यातले बरेचजण लातूर, बीड, अकोला, नगर अशा जिल्ह्यांतून इथे ओएमआरवर नोकरीला आलेत. बहुतेक सगळे घरातले पहिले पदवीधर. आठवडाभर काम करून रविवारची दुपार अशा विषयाला देताय, त्याबद्दल आधी आभार मानते.

विषय ठरवताना मला विचारलं गेलं, "कॅथलिक श्रद्धा आणि डाव्यांचा सशस्त्र लढा यांचा संबंध काय?" आपल्या देशात हा प्रश्न विचारला की एकच नाव पुढे येतं, फादर स्टॅन स्वामी. गंमत बघा. ज्यांच्यावर बंदूक चालवल्याचा आरोप सरकारी वकिलांनीही केला नाही, त्यांचं नाव बंदुकीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून घेतलं जातं. हे कसं घडलं, आणि त्याचा तुमच्या-माझ्यासारख्या पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांशी काय संबंध, यावर मी बोलणार आहे.

माझी ओळख दोन वाक्यांत. घर श्रीरामपूर तालुक्यातलं, म्हणजे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचा मुलूख. पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत जिथे भिंतीवर येशू आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असतात, आणि शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी अभ्यासाचा आहे, तसाच घरचाही आहे.

सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. माणूस कशावर विश्वास ठेवतो, ही एक. तो कुणाच्या बाजूला उभा राहतो, ही दुसरी. आणि तो हातात काय घेतो, ही तिसरी. पोलिसांच्या कागदांत आणि टीव्हीच्या चर्चेत या तिन्हींची गाठ मारून टाकतात. आपण ती सोडवत जाऊ.

आधी ज्यांनी खरोखर बंदूक घेतली त्यांच्याबद्दल. असे पाद्री होते, हे लपवायचं कारण नाही.

सगळ्यात प्रसिद्ध नाव कामिलो तोरेस. कोलंबियातला कॅथलिक धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठात शिकला, मायदेशी परतून बोगोटाच्या राष्ट्रीय विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारण्यात सहभागी झाला. त्या काळात कोलंबियात एक विचित्र व्यवस्था होती. १९५८ पासून दोन मोठ्या पक्षांनी करार करून सत्ता आपसांत वाटून घेतली होती. राष्ट्राध्यक्षपद आळीपाळीने, बाकीची पदं निम्मी-निम्मी. तिसऱ्याला जागाच नाही. कामिलोने आधी सभा घेतल्या, वर्तमानपत्र काढलं, गरिबांची एक संयुक्त आघाडी उभी करायचा प्रयत्न केला. चर्चच्या वरिष्ठांशी खटके उडाल्यावर १९६५ मध्ये तो धर्मगुरूपदाच्या कामातून मोकळा झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं शुभवर्तमान सांगतं. मग उपाशी शेजारी समोर असताना मी मिस्सा कसा करू? त्याच वर्षी तो एका गनिमी संघटनेत गेला आणि १५ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराशी झालेल्या चकमकीत मारला गेला. वय ३७. जंगलात त्याला जेमतेम काही महिने मिळाले.

दुसरं उदाहरण निकाराग्वाचं. तिथे सोमोसा घराण्याची हुकूमशाही चाळीसेक वर्षं चालली. गास्पार गार्सिया लाविआना हा स्पॅनिश धर्मगुरू तिथल्या शेतमजुरांत काम करता करता सांदिनिस्ता गनिमांत सामील झाला आणि डिसेंबर १९७८ मध्ये मारला गेला. सात महिन्यांनी सोमोसा पळाला.

तिसरं फिलिपिन्सचं. कॉनराडो बाल्वेग हा स्वतः आदिवासी समाजातला धर्मगुरू. त्याच्या लोकांच्या जंगलावर एका मोठ्या लाकूड कंपनीचा डोळा होता. फर्दिनांद मार्कोसच्या राजवटीत, १९७९ मध्ये, तो कम्युनिस्टांच्या सशस्त्र दलात गेला. पुढे त्यांच्याशी फाटलं, त्याने वेगळी संघटना काढली, आणि १९९९ च्या शेवटच्या दिवशी त्याच्या जुन्या साथीदारांनीच त्याला ठार केलं.

या तिघांत समान काय आहे? श्रद्धेमुळे ते गरिबांजवळ गेले, हे तर आहेच. पण श्रद्धेमुळे गरिबांजवळ गेलेले हजारो पाद्री आणि सिस्टर लॅटिन अमेरिकेत होते. १९६८ मध्ये मेदेयीन इथे बिशपांची परिषद झाली, १९७१ मध्ये गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचं मुक्तीच्या ईशज्ञानावरचं पुस्तक आलं, आणि गावोगाव छोटे गट बायबल वाचून आपल्या मजुरीबद्दल, जमिनीबद्दल बोलू लागले. त्यातल्या फार थोड्यांनी शस्त्र घेतलं. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो शेवटपर्यंत सैनिकांना 'गोळ्या घालू नका' असं सांगत राहिले आणि २४ मार्च १९८० रोजी मिस्सा करतानाच त्यांना गोळी घातली गेली. २०१८ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. म्हणजे श्रद्धा एकच, बाजू एकच, हातातली गोष्ट मात्र वेगळी. बंदूक घेणाऱ्या तिघांभोवती आणखी एक गोष्ट समान होती. त्यांच्या देशात कायद्याचा दरवाजा एकतर बंद होता, नाहीतर अर्धवट लोटलेला होता.

चर्चची शिकवणही याच दरवाजापाशी येऊन थांबते. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी एक परिपत्रक काढलं. त्यात ते म्हणतात की सशस्त्र उठावातून नवे अन्याय जन्माला येतात, म्हणून तो मार्ग नको. पण एक अपवाद ते नोंदवतात: जिथे उघड आणि दीर्घकाळ चाललेला जुलूम माणसांचे मूलभूत हक्कच चिरडतो आहे तिथे.

आता आपल्याकडे या. २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण. आपण त्यातला व्यक्तिपूजेबद्दलचा भाग नेहमी ऐकवतो. त्याच भाषणात ते सांगतात की रक्तरंजित क्रांतीचे मार्ग आता सोडले पाहिजेत. इतकंच नाही, असहकार आणि सत्याग्रहसुद्धा सोडले पाहिजेत. का? कारण सामाजिक-आर्थिक उद्दिष्टं गाठायला जेव्हा संविधानिक मार्ग उरला नव्हता तेव्हा त्या मार्गांचं समर्थन होऊ शकत होतं. आता मार्ग उघडा आहे, म्हणून समर्थन उरत नाही.

कोलंबियाचा पाद्री, रोमचा पोप आणि आपले बाबासाहेब ही तीन टोकं आहेत. तरी तिघांच्या बोलण्यात एकच प्रश्न येतो: दरवाजा उघडा आहे का? बाबासाहेबांचं उत्तर 'आहे' असं होतं, कारण त्यांनी तो स्वतः उघडून घेतला होता. पण कागदावर उघडा असलेला दरवाजा सगळ्यांसाठी सारखा उघडतो का, हे कुणीतरी रोज जाऊन तपासावं लागतं. ढकलून बघावं लागतं. माझ्या मते स्टॅन स्वामींनी आयुष्याची शेवटची तीस वर्षं हेच काम केलं.

ते तुमच्या इथलेच. इथून सव्वातीनशे किलोमीटरवर तिरुचिरापल्ली, त्या जिल्ह्यात २६ एप्रिल १९३७ चा त्यांचा जन्म. विशीत येशूसंघात गेले. फिलिपिन्समध्ये शिकले. १९७५ ते १९८६ बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पुढे झारखंडला गेले आणि तिथलेच झाले. रांचीजवळ 'बगैचा' नावाचं केंद्र २००६ मध्ये सुरू केलं.

त्यांच्या कामाची यादी बघा. पाचवी अनुसूची राज्य का पाळत नाही? १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो, तो का वापरात येत नाही? सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा समता निकाल, २००६ चा वनहक्क कायदा, यांचं काय झालं? ही सगळी सरकारी कायद्यांचीच नावं आहेत. बगैचाच्या गटाने माओवादी म्हणून पकडलेल्या १०२ कच्च्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. ९७ टक्के लोकांनी सांगितलं की आमचा त्या चळवळीशी संबंध नाही. मग स्टॅन स्वामी आणि सहकारी झारखंड उच्च न्यायालयात गेले. मागणी होती की अशा सुमारे तीन हजार तरुणांच्या खटल्यांची चौकशी करा, जामिनाचं बघा, खटले लवकर चालवा. थोडक्यात, आदिवासी पोरांना संविधानाच्या दरवाजातून आत घ्या.

हे काम कुठून येतं? मी त्यांच्या श्रद्धेची वकील नाही, पण बायबल आमच्या घरात वाचलं जातं म्हणून सांगते. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे राजा विचारतो, मी तुरुंगात होतो तेव्हा तू मला भेटायला आलास का? त्यात कैदी दोषी होता की निर्दोष, असं विचारलेलं नाही. ख्रिस्ती परंपरेत कैद्याला भेटणं हे दयेचं काम मानतात. स्टॅन स्वामींनी तेच काम समाजशास्त्राची पद्धत वापरून केलं. मुलाखत घेतली, तक्ता केला, टक्केवारी काढली, याचिका टाकली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी क्रम सांगते. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. त्यातून जो मोठा खटला उभा राहिला त्यात एकूण सोळा जणांना अटक झाली, आणि ती दंगल करणाऱ्यांची नव्हती. लेखक, वकील, प्राध्यापक, कलावंत यांची होती. स्टॅन स्वामींनी सांगितलं की मी भीमा कोरेगावला कधी गेलेलोच नाही. ८ ऑक्टोबर २०२० रोजी, ८३ व्या वर्षी, राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीत अटक केली आणि नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगात आणलं. बंदी असलेल्या माओवादी पक्षाचे ते सदस्य आहेत आणि सरकार उलथवण्याच्या कटात सामील आहेत, असा आरोप. तो त्यांनी नाकारला.

त्यांना पार्किन्सन होता. हात थरथरत, ग्लास धरता येत नसे. ६ नोव्हेंबरला त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले आणि मग सांगितलं की या वस्तू आमच्याकडे नाहीत. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. ५ जुलै २०२१ ला ते गेले, कैदी म्हणूनच.

तुरुंगातून मित्रांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक गोष्ट कळवली होती. अरुण फरेरा त्यांना नाश्ता आणि जेवण भरवायला मदत करत, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळीला मदत करत, आणि कोठडीतले दोन अत्यंत गरीब घरचे कैदी त्यांचे कपडे धूत, गुडघे चोळत. हे अरुण आणि व्हर्नन याच खटल्यातले. दोघंही मुंबईत वाढलेले, कॅथलिक घरातले. आज त्यांची श्रद्धा काय आहे हा त्यांचा प्रश्न, त्यात मी शिरत नाही. अरुण फरेरांना याआधी २००७ मध्ये नागपुरात पकडलं होतं. तेव्हा काय सांगितलं गेलं होतं? हे लोक दीक्षाभूमी उडवून देणार होते! दीक्षाभूमी. आपल्याच लोकांना त्यांच्याविरुद्ध उभं करायला याहून सोयीचा आरोप कुठला? साडेचार वर्षं तुरुंगात काढल्यावर ते सुटले आणि पुढे त्या सगळ्या खटल्यांतून निर्दोष ठरले.

व्हर्नन आणि अरुण यांना या खटल्यात २८ जुलै २०२३ ला, जवळपास पाच वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. त्या निकालातली एक गोष्ट प्रत्येक पदवीधराने लक्षात ठेवावी. घरात काही साहित्य सापडलं, त्यात हिंसेचा प्रचार असला, तरी केवळ ते बाळगणं हे दहशतवादी कृत्य होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मी सुरुवातीला ज्या तीन गोष्टी वेगळ्या करा म्हटलं, त्या इथे न्यायालयानेच वेगळ्या केल्या आहेत.

पुराव्यांबद्दल एकच वाक्य. बोस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक तपासणी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला की स्टॅन स्वामींच्या संगणकात बाहेरून शिरकाव करून फायली पेरल्या गेल्या होत्या. हा अहवाल बचाव पक्षाने मागवलेला आहे, आणि त्यावर न्यायालयाने अजून अंतिम निर्णय दिलेला नाही, हेही सांगायला हवं. पण आरोपी आता उलटतपासणीला हजर राहू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी सुनावणीत स्टॅन स्वामींच्या कामाबद्दल आदराचे चार शब्द काढले. तपास यंत्रणेने हरकत घेतली. न्यायमूर्तींनी शब्द मागे घेतले.

म्हणून मी म्हणते, इथे सगळ्यात मोठं नुकसान बाबासाहेबांच्या युक्तिवादाचं झालं. बाबासाहेब म्हणाले, दरवाजा उघडा आहे, बंदूक नको. स्टॅन स्वामी तीन हजार पोरांना घेऊन त्या दरवाजापाशी गेले. राज्याने त्यांनाच आत टाकलं. जंगलातला एखादा तरुण हे बघून काय शिकेल? जो राज्यकर्ता याचिका करणाऱ्याला आणि बंदूक चालवणाऱ्याला एकच नाव देतो, तो बंदूकवाल्याच्या प्रचाराला मदत करतो.

आणि हे नाव आपल्याला नवं नाही. २००६ मध्ये खैरलांजीनंतर विदर्भात आपले लोक रस्त्यावर आले, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनीच त्यामागे नक्षलवादी असल्याचं सूचित केलं होतं. भोतमांगे कुटुंबाच्या चार माणसांसाठी रडायलाही बाहेरून कुणी शिकवावं लागतं, असा त्याचा अर्थ. सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये अटक झाली, चाळीस महिन्यांनी ते निर्दोष सुटले, आणि २०१८ मध्ये पुन्हा आत गेले. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, शरण गेले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर आहे असं सांगितलं गेलं. 'विचारसरणी' हा शब्द नीट ऐका. कृती मोजता येते. विचारसरणी कोण मोजणार, आणि कुणाच्या पुस्तकांच्या फळीवर?

माझ्या बाबतीत एवढंच घडलं की एका विद्यापीठात संशोधनाचा प्रस्ताव देताना मला शीर्षकातून एक शब्द काढायला सांगितला गेला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्याच भल्यासाठी." घरी आई फोनवर म्हणते, "शिक, पण कुठं सही-बिही करू नको." आई चुकीचं बोलत नाही. उच्चवर्णीय घरातला मुलगा पकडला गेला तर काका वकील असतो, मामा संपादक असतो. आपल्याकडे पकडला जाणाराच घरातला एकटा शिकलेला असतो. एका अटकेने अख्ख्या घराची शिडी काढून घेतली जाते.

आता दुसरी बाजू. राज्य अन्याय करतं म्हणून बंदूक बरोबर ठरते का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे, आणि ते राज्याला खूश करायला देत नाही.

कोण मरतं ते बघा. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात सी-६० दलाचे १५ जवान आणि वाहनचालक गेले. सी-६० हे स्थानिक तरुणांतूनच उभं केलेलं दल. तिकडे छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या नावाखाली राज्याने आदिवासी पोरांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ते संविधानाविरुद्ध ठरवलं, तारीख होती ५ जुलै २०११. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला स्टॅन स्वामी गेले. दोन्ही बाजूंना आदिवासी, आणि रणनीती आखणारे दोन्हीकडे बहुतेक दुसरेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातले भूपती गडचिरोलीत साठेक साथीदारांसह शरण आले. नेत्याला परतीची वाट मिळाली. सुरुंगात गेलेल्यांना, चकमकीत गेलेल्यांना, खबऱ्या म्हणून मारलेल्या गावकऱ्यांना ती मिळाली नाही.

आणि जिथे बंदूक जिंकली तिथे काय झालं? निकाराग्वाचंच बघा. १९७९ ला सांदिनिस्ता आले, एर्नेस्तो कार्देनाल हे कवी-धर्मगुरू मंत्री झाले. त्याच क्रांतीतले दानिएल ओर्तेगा आज सत्तेत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या सरकारने मानाग्वामधलं येशूसंघाचं विद्यापीठ जप्त केलं. बिशप रोलांदो आल्वारेझ यांना २६ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पुढे देशाबाहेर काढलं. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करत होते, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम पंधरवडा आधी. त्यांचं म्हणणं होतं की दुःख दूर करायचं हे ध्येय दोघांचं जुळतं, फरक साधनांचा आहे; बळाने आणलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर टिकत नाही. निकाराग्वात तर बळ काढून घेतलंच गेलं नाही. ते फक्त नव्या हातात गेलं.

एक हिशेब चर्चशीही करायचा आहे. स्टॅन स्वामींच्या फोटोसमोर आज मेणबत्त्या लागतात, ठीक आहे. पण त्यांच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, तिरुचिरापल्लीत, एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे. २००८ मध्ये विलुप्पुरम जिल्ह्यातल्या एरैयूरमध्ये दलित ख्रिस्तींनी बरोबरीचा मान मागितला, तेव्हा सवलती सोडायला तयार नसलेले वन्नियार ख्रिस्ती त्यांच्यावर चालून गेले, पोलिसांच्या गोळीबारात दोघं मेले. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले गेले नाहीत. भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. आणि राज्यानेही हात धुऊन घेतले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आत आले. दलित ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढा म्हणून सांगितलं, तरी नाही. म्हणजे आमच्यासाठी दरवाजा दोन्हीकडून लोटलेला आहे, चर्चचाही आणि राज्याचाही. तरीही आमच्या घरातून कुणी बंदूक घेऊन निघालं नाही. लोक पोरींना शिकवत राहिले, तहसीलच्या खेपा घालत राहिले. या संयमाला कुणी क्रांती म्हणत नाही. मला तो कामिलोच्या जंगलातल्या त्या काही महिन्यांपेक्षा मोठा वाटतो.

मग करायचं काय? मी मोठमोठे संकल्प देणार नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी होते, गुन्हा सिद्ध न झालेले. त्यात आपले किती, हे तुमच्या तालुक्याच्या न्यायालयाबाहेर एक दिवस बसलात तरी कळेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ वाचा. पहिल्यांदाच पकडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर ती लागू होत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, हे कैद्याच्या आईला माहीत नसतं. ते तिला सांगायला पीएचडी लागत नाही, एक फोन लागतो. तुमच्यात संगणकावर आकडे हाताळणारे इतके लोक आहात. बगैचात १०२ मुलाखतींतून जे झालं, ते एका तालुक्यापुरतं तुम्ही करू शकता. एकट्याने नको. वकिलाला सोबत घ्या, नोंदी नीट ठेवा, आणि आईलाही सांगून ठेवा की सही कशावर केली आणि का.

भीती वाटली तर ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण हे काम कुणाच्या बापाच्या परवानगीचं नाही, ते आपल्याला संविधानाने दिलेलं आहे. पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवलं गेलं, ते या दरवाजातून फक्त आपण एकट्यांनी आत जावं म्हणून नाही. आत आलेल्याने दरवाजात पाय रोवून उभं राहावं, मागचे येईपर्यंत.